वेढ्यातलं गाढव

मी गाढव आहे. शिवी म्हणून नव्हे, जन्माने. ऱ्हाइन नदीच्या काठावर काळ्या कड्यावर आमचा किल्ला उभा आहे आणि त्या किल्ल्याला पाणी पाजणारा मी. करड्या रंगावरून माझं नाव ग्राउ पडलं. किल्लेदार एकबर्ट मला आणखीही काही नावांनी हाक मारायचे, ती चारचौघांत सांगण्यासारखी नाहीत.

जन्मलो मी खालच्या गावात, गिरणीवाल्याच्या गोठ्यात. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सारखं मला काहीतरी सांगायची खोड. चल म्हणाला की मी थांबायचो, थांब म्हणाला की चालायचो. पुढून ओढलं की मागे सरायचो. यात माझा काही हेतू नसायचा, अंगातच तसं होतं. शेवटी एका सणाला त्याने मला किल्ल्याला दान दिलं. त्या कंजूष माणसाने आयुष्यात केलेलं ते एकच दान, असं गावात म्हणतात.

लोक किल्ल्याची ताकद तटबुरुजांवरून ठरवतात. आमच्याकडेही ते सगळं होतं. खंदकावर उचलता पूल, त्यामागे वरून धाडकन खाली येणारा लोखंडी जाळीचा दरवाजा आणि त्याच्या वरच्या छताला भोकं. शत्रू आत घुसलाच तर भोकांतून त्याच्या डोक्यावर उकळतं पाणी ओतायचं. पण ते पाणी आणायचं कोणी? मीच. शांततेच्या दिवसांत स्वयंपाकी लांपर्ट त्याच भोकांतून कोबीचं शिळं पाणी फेकायचा, आणि खाली कोण उभं आहे ते फेकल्यावर बघायचा.

विहीर खडकात खोल खोदलेली. तिच्यावर घराएवढं लाकडी चाक. मी चाकाच्या पोटात शिरून चालू लागलो की चाक फिरायचं, दोर गुंडाळला जायचा आणि तळातलं पिंप डुलत डुलत वर यायचं. हे सगळं सांभाळायची युट्टा. तिचा नवरा तटाच्या डागडुजीत पडून गेला, तेव्हापासून विहीर तिच्याकडे. ती मला मारायची नाही. मला काही सांगायचीही नाही. नुसती चाकापाशी येऊन म्हणायची, "आज काही चालू नकोस हं, ग्राउ." आणि मी दिवसभर चालायचो. तिची ही लबाडी माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली, आणि लक्षात आल्यावरही पाय ऐकत नसत.

विहिरीवर सगळा किल्ला यायचा, त्यामुळे मला सगळं कळायचं. सरदारीणबाईंची अंघोळ निघाली की दासी माझ्याकडे बघून हसायच्या. शिपाई म्हणायचे, तटावरच्या संडासात बसलं की खालून असा गार वारा येतो, की पहारा परवडला. पाद्रीबाबा पाण्याला यायचे आणि लांपर्टच्या बिअरची चौकशी करून जायचे.

मग तो उन्हाळा आला. आमचे धनी राजाबरोबर लांबच्या मोहिमेवर गेलेले, आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या काउंटने ते हेरून किल्ल्याला वेढा घातला. दोनदा शिड्या लावल्या, दोनदा आमच्या लोकांनी त्या ढकलून दिल्या. त्यानंतर काउंट शहाणा झाला. खाली तंबू ठोकून नुसता बसून राहिला. भूक आपलं काम करील, हा त्याचा हिशेब.

भुकेने केलंही. आधी कोंबड्या गेल्या, मग डुकरं, मग घोडे. अंबारखान्यात उंदीर उरले होते, तेही फार दिवस उरले नाहीत. मी छपराचं जुनं गवत खात होतो. एका सकाळी लांपर्ट सुरा परजत विहिरीवर आला आणि माझ्या मांडीकडे फार मायेने बघू लागला. मागे एकबर्ट उभे.

"युट्टामावशी, जरा बाजूला हो," लांपर्ट म्हणाला.

"कापा की," युट्टा म्हणाली. "पण उद्यापासून चाकात कोण चालणार, तेवढं सांगून कापा."

"माणसं चालतील," एकबर्ट म्हणाले. "त्यात काय विद्या लागते? गाढवाला जमतं ते माणसाला जमणार नाही?"

"मग दाखवा ना, किल्लेदार."

एकबर्ट तलवार उतरवून चाकात शिरले. सुरुवात झकास झाली. पिंप अर्ध्यावर आलं तेव्हा लांपर्ट हसला असं त्यांना वाटलं, आणि त्याला झापायला ते क्षणभर थांबले. चाकात थांबायचं नसतं. भरलेलं पिंप खाली निघालं, चाक उलटं फिरलं आणि आमचे किल्लेदार पाय वर, डोकं खाली, पुन्हा पाय वर असे गरागरा फिरू लागले. बाहेर आले तेव्हा बराच वेळ भिंतीला धरून उभे होते.

"गाढवाला राहू दे," एवढंच बोलले.

मी वाचलो, पण त्या आठवड्यापुरताच. हे मलाही कळत होतं.

त्याच आठवड्यात काउंटचा दूत बोलणी करायला वर आला. रुडिगर त्याचं नाव. गोड बोलणारा, बारीक डोळ्यांचा. बोलणी हे निमित्त, आत किती दाणा शिल्लक आहे ते बघणं हे खरं काम. एकबर्टनी शिपायांना अंगरख्याखाली चिंध्या भरायला लावल्या होत्या. लांपर्ट रिकाम्या कढईत पळी फिरवत होता. रुडिगर सगळ्यांकडे बघून हसला आणि सरळ विहिरीपाशी आला. माणसं सोंग करतात, जनावर करत नाही, हे त्याला माहीत होतं.

"गाढव तर गरगरीत आहे तुमचं," तो म्हणाला.

छपराच्या गवताने माझं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. तेवढ्यात त्या पोटाने मोठा आवाजही केला.

"ओटचा दाणा जास्त होतो त्याला," युट्टा म्हणाली. "सांगून ऐकत नाही."

रुडिगरने झोळीतून एक सफरचंद काढलं. लाल, ताजं, पानासकट. माझ्या नाकासमोर धरलं आणि माझ्याकडे नाही, एकबर्टकडे बघत राहिला. किल्लेदारांचा चेहरा पांढराफटक पडला. लांपर्टची पळी थांबली. भुकेलं जनावर झडप घालणार, आणि मग किल्ला गेला, माणसं गेली, मीही गेलो.

हे सगळं मला समजलं होतं, असं सांगायला आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? मला फक्त त्या फळाचा वास येत होता. ओठ आपोआप पुढे सरले.

तेव्हा युट्टा अगदी लाडाने म्हणाली, "घे रे राजा. खा. पाहुणे एवढ्या प्रेमाने देतायत, खाऊन टाक पटकन."

खा म्हणाली! माझी मान ताठ झाली. रुडिगरने माझा कान धरून तोंड पुढे ओढलं, मी मागे सरलो. त्याने आणखी ओढलं, मी पाठच फिरवली. डोळ्यांत पाणी होतं माझ्या, पण पाठ फिरवली.

"बघा," युट्टा खांदे उडवून म्हणाली. "माजलाय नुसता."

रुडिगरने ते फळ विहिरीच्या काठावर ठेवलं आणि परत गेला. जाळीचा दरवाजा खाली आला. सगळे सफरचंदाकडे बघत होते.

"सगळ्यांना वाटून देऊ," एकबर्ट म्हणाले.

"वाटणार काय, वास?" लांपर्ट म्हणाला.

"ते त्याचं आहे, कोणी हात लावायचा नाही," युट्टा म्हणाली.

ते तिघं भांडत राहिले. आता मला खा म्हणून कोणी सांगत नव्हतं. मी खाल्लं, पानासकट.

काही दिवसांनी पाऊस लागला आणि खालचे तंबू एकेक करून उठले. म्हणे रुडिगरने काउंटला सांगितलं, वरची गाढवंसुद्धा सफरचंदाला नाक मुरडतात, बर्फ पडला तरी हे लोक हटायचे नाहीत. त्या दिवशी एकबर्ट विहिरीवर आले, इकडेतिकडे बघितलं आणि मला नावाने हाक मारली. खऱ्या नावाने. मग युट्टाला वाकून नमस्कार केला, तेव्हा ती तोंडावर पदर घ्यावा तसा हातातला फडका धरून रडली. इतके दिवस ती रडली नव्हती.

आता माझे गुडघे गेले. चाकात एक तरणं गाढव आलं आहे, फार आज्ञाधारक. त्याचं कसं होणार कोण जाणे. तुम्हाला माझं एकच सांगणं: पोरांना गाढव म्हणायचं असेल तर म्हणा, पण जरा जपून, उगाच त्यांच्या डोक्यात हवा जायची.

युट्टाने मला खालच्या उतारावरच्या कुरणात सोडलं आहे. पहिल्या दिवशी मी सवयीने चालू लागलो आणि दचकून थांबलो. समोरचं पेअरचं झाड मोठं झालं होतं. आणखी चार पावलं टाकली, ते आणखी मोठं झालं. चाललं की माणूस कुठेतरी पोचतो, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं, तर मी अर्थातच ऐकलं नसतं.