एक ‘म्हणे’ कमी

उत्तर न दिलेले ते पत्र जीवनरावांनी पुस्तकात खूण म्हणून ठेवले होते. त्यामुळे गेले दोन महिने पुस्तकही पुढे सरकले नव्हते. आज मात्र पत्र हातात घेऊन ते शेजारच्या धनराजच्या दारात उभे राहिले.

पत्र हरसूलकडच्या नर्स छायाताईंचे. फोन नंबर ठाऊक नाही, म्हणून कॉलनीच्या वाचनालयाच्या पत्त्यावर आलेले. ‘गोवराच्या लसीने मुलाचा पाय लुळा पडला, असा तुमच्या नावाचा मेसेज इकडे फिरतो आहे. नवसाबाई बाळाला लस न देताच परत घेऊन गेली. म्हणाली, छापल्यावानी लिवलंय, खोटं कसं आसंल? सर, ते मूल कोणत्या गावचे? कळवा, मी जाऊन बघते. खरे असेल तर मीच वरती लिहीन.’

मेसेज धनराजचा. छापखान्यात चाळीस वर्षे मुद्रिते तपासलेल्या जीवनरावांनी त्याचे फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिले होते. धनराजने कौतुकाने खाली टाकले, ‘तपासले – जीवन सर, कॉलनी वाचनालय’. आपण शुद्धलेखन पाहिले, मजकुराशी आपला काय संबंध, असे ते रोज स्वतःला समजावत. गावाचे नाव मात्र त्यांच्याकडे नव्हते.

“धनराज, ते मूल कोणत्या गावचं रे?”

“कोणतं मूल?”

“पाय लुळा पडलेलं.”

“हां, ते! अंबडला कंपनीत कोणीतरी सांगत होतं. गावबिव मला काय माहीत काका?”

“मग ‘लुळा पडला’ असं ठणकावून लिहिलंस कसं?”

“मी? ओ काका, मी ‘लुळा पडला म्हणे’ लिहिलं होतं. ‘म्हणे’वर काट तुम्हीच मारली. बोललात, भरतीचा शब्द आहे.” धनराज हसला. “पण तुमचा हात लागला आणि मेसेज एकदम पेपरात आल्यासारखा झाला. एरवी माझं कोण वाचतंय!”

जीवनरावांनी पत्राची घडी घालून ते खिशात ठेवले.

“कॉलनीच्या ग्रुपवर खुलासा टाकतो मी.”

“कशाला? माणसानं प्रश्नच विचारायचा नाही का? लस आपल्याच पोरांना टोचतात ना?”

“विचारायचा. पण आपण विचारलं नाही रे. आपण सांगितलं.”

“खेचतील तुमची काका. बघा हं.”

घरी येऊन त्यांनी छायाताईंना लिहिले, ‘असे मूल मला ठाऊक नाही. गाव मी विचारलेच नाही. मूळ वाक्यात “म्हणे” होते, ते मी काढले. हे नवसाबाईंना वाचून दाखवा.’ पत्राचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. मग एक ओळ आली, ‘सरांना हल्ली भ्रम होतो म्हणे.’

सवयीने त्यांनी ती दोनदा वाचली. चूक नव्हती. ‘म्हणे’सुद्धा जागच्या जागी होते.

कोपऱ्यावरची टपालपेटी उघडण्याची आजची वेळ टळून गेली होती. तरी त्यांनी पत्र आत सोडले, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभे राहिले.