शिआनची तिळाची कांडी

जर्मनीत, ब्राउनश्वाइगला हृषिकेश उतरला तेव्हा संध्याकाळ कलली होती. ट्राममध्ये बसला आणि त्याने डोळे मिटले. शिआनची थंडी अंगात शिरली ती पाहुणीसारखी ठाण मांडून बसली होती. ऊठ म्हटलं तरी उठेना.

दार बायकोने, कौमुदीने उघडलं. "कसा होता रे तुझा चीन?"

"जुनं नि नवं एकाच ताटात वाढलेलं. शहराभोवती विटांचा केवढा तट, आणि खालून मेट्रो धावते. कंदिलाच्या उजेडात म्हातारी रताळी भाजते, पैसे मात्र फोनवर घेते." बोलता बोलता त्याला जांभई आली.

त्याने बॅगेतून कागदाची पुडी काढली. आत तीळ लावलेल्या पांढऱ्या कांड्या.

"अगंबाई! संक्रांत आठवली म्हणायची."

"आमच्या कंपनीच्या तिथल्या साहेबांनी घरी जेवायला नेलं, त्यांच्या आईने ही कांडी हातावर ठेवली. मी सवयीने वाकलो, म्हटलं, तिळगूळ घ्या, गोड बोला. अर्थ सांगितला तसे सगळे हसले. ही म्हणे चुलीच्या देवाची मिठाई. वर्ष संपताना तो वर जाऊन घराच्या चहाड्या सांगतो, म्हणून त्याचं तोंड चिकटवायचं."

"मग तुझं चिकटलं की नाही?"

हृषिकेश पुडी परत गुंडाळू लागला. कौमुदीला इथल्या बालवाडीत कायमची नोकरी लागली होती, जर्मनच्या परीक्षा देऊन देऊन मेटाकुटीला आल्यावर. त्याच्या नोकरीपायी पुणे, चेन्नई, मग हे गाव. आता घर हलवायचं नाही, हा शब्द त्यानेच दिलेला.

"चिकटलं," तो म्हणाला. "तेवढ्यात साहेब म्हणाले, दोन वर्षं इकडेच येताय ना? त्यांच्या आईचा तीळ तोंडात, नाही कसं म्हणू? मान हलवली."

कौमुदी खुर्चीत बसली. आतून लेकीने, ऊर्जाने जर्मनमध्ये विचारलं, बाबा आले का.

"मी येणार नाही, हृषी. भांडायचंही त्राण नाही माझ्यात."

"मला तरी कुठे जायचंय? पण बढती जाईल."

"जाऊ दे."

ती उठली. त्याच्यासाठी राखून ठेवलेला संक्रांतीचा तिळाचा लाडू डब्यातून काढून तिने त्याच्या हातावर ठेवला. "हा आपला तीळ. गोडच बोल, पण नाही म्हण."

लाडू चघळत त्याने साहेबांना मेल लिहायला लॅपटॉप उघडला. पहिल्या ओळीत साहेबांच्या आईची खुशाली विचारली. दुसरी, नकाराची ओळ लिहायला फार वेळ लागला. कौमुदी शेजारी बसून राहिली. कोट अजून त्याच्या अंगावरच होता.