मधली फट

बाबा शिंपी. मी फोटोग्राफर. दोघंही नाकावर माशी बसू न देणारे, त्यामुळे आमचं कधी धड जमलं नाही. कुणी शिवलेला कपडा ते उलटसुलट करून बघायचे आणि काम पसंत पडलं तर एवढंच म्हणायचे, "शिवण दिसत नाही." माझे फोटो बघून तेवढंही कधी म्हणाले नाहीत.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, कोपऱ्यातून लाळ गळायला लागली. त्यांनी घरातला आरसा भिंतीकडे फिरवून ठेवायला लावला. मग हृदयही थकलंय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आईने माझ्यामागे टुमणं लावलं. "दुनियेचे फोटो काढतेस. आमचा दोघांचा एक नाही घरात." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"वाकडं तोंड टांगायचंय भिंतीवर?" बाबा अडखळत म्हणाले.

मी चिडले. "आणि तोंड दिसलंच नाही तर?"

त्यावर त्यांनी आईकडे इस्त्रीचा सदरा मागितला. म्हणजे तयार झाले.

त्यांच्या कामाच्या खोलीत मशीनसमोर मोठी खिडकी आहे. संध्याकाळी मी पडदा काढला, हँगर हलवले. कॅमेरा खिडकीतल्या लख्ख आभाळावर जुळवला, म्हणजे अलीकडचं सगळं काळं येतं, नुसत्या कडा उरतात. दोघांना खिडकीपुढे समोरासमोर बसवलं, मला चेहरे बाजूने दिसतील असं.

"माझ्याकडे बघू नका, काळं मडकं दिसेल. नाक-हनुवटी आभाळावर येऊ दे. आणि मध्ये फट ठेवा. उजेड आरपार दिसला पाहिजे, नाहीतर दोघांचा मिळून एक गोळा होतो."

"एवढा संसार झाला," बाबा म्हणाले, "आता ठेवू फट?"

आई कितीतरी दिवसांनी हसली.

पण मी बटण दाबायला आणि तिचा हात पदर घेऊन त्यांच्या तोंडाशी जायला एकच गाठ पडायची. दर वेळी.

"आई, हात खाली."

"अगं, गळतंय."

"गळू दे. दिसणार नाहीये."

"त्यांना कळतं ना पण," ती म्हणाली.

सूर्य समोरच्या इमारतीआड गेला. एकही फोटो धड नव्हता. सगळ्यांत तिचा हात, फट बुजलेली. मला इतका राग आला की रडू फुटायचं बाकी होतं. "झालं समाधान? उद्या ढग आले तर मी काही करू शकत नाही," मी म्हणाले.

"दाखव," बाबा म्हणाले.

कॅमेरा मांडीवर घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. सरळ नाक, हनुवटी, आणि आईचा खांद्यापासून निघालेला हात त्यांच्या गालात शिरलेला. ती कुठे संपते आणि ते कुठे सुरू होतात, सांगता येत नव्हतं. त्यांनी चांगल्या हाताचं बोट त्या जागेवरून फिरवलं, कापडावरून फिरवायचे तसंच.

"शिवण," ते कसेबसे म्हणाले, "दिसत नाही."

मग मी रडलेच.

बाबा जाऊन आता काही महिने झाले. तो फोटो मशीनच्या वर लावलाय. त्यात लाळ कुठली दिसायला! पण रोज सकाळी काच पुसताना आई आधी त्यांच्या तोंडाचा कोपरा पुसते.