डोलणारा काटा

लेक सासरी गेल्यापासून मिस्त्रीच्या बायकोला घरी झोप म्हणून लागत नसे. पण गॅरेजच्या अंगणात एखाद्या गाडीचं इंजिन सुरू झालं, की तिच्या मागच्या सीटवर बाईसाहेबांचा डोळा लागलाच म्हणून समजा.

आजची गाडी जुनी, पण तिच्या कार्बोरेटरवर कॉम्प्युटरची नजर. मिस्त्रीने मीटर जोडला आणि पेट्रोल-हवेच्या मिक्श्चरचा स्क्रू जरासा फिरवला. मीटरचा काटा डावीकडे गेला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे. मिस्त्रीचा अख्खा जन्म काटे एका जागी आणण्यात गेलेला.

“अरे, बस की गपचूप!” तो करवादला.

दुपार जडावली होती. इंजिनाची गुणगुण कुठे संपते आणि बायकोचा श्वास कुठे सुरू होतो, तेच कळेना. एवढ्यात काटा थांबला, अगदी मधोमध. मिस्त्रीला आभाळ ठेंगणं झालं.

पण इंजिन अडखळू लागलं आणि मागून आवाज आला, “अहो, काय केलंत? किती छान झोप लागली होती!”

मिस्त्रीने वाकून पाहिलं. धुराच्या नळीवरच्या सेन्सरची वायर त्याच्याच कोपराने निघाली होती. कॉम्प्युटरला धुराचं काही कळेनासं झालं, पेट्रोल कमी-जास्त करणं थांबलं, म्हणून काटा गप्प. म्हणजे डोलतो, तेव्हाच तो ठीक असतो!

त्याने वायर लावली. काटा डोलू लागला, इंजिन गुणगुणू लागलं.

“झालं का?” तिने डोळे मिटता मिटता विचारलं.

“छे! अजून बरंच बाकी आहे. तू झोप,” म्हणत मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हर पुसून पेटीत ठेवला.