आधी प्लास्टिक काढा, मग बोला

मी एक जुनी लेटेक्सची गादी आहे. जुनी म्हणा, माझी हरकत नाही. पण "न बघता आणलेली" असं कुणी नाक मुरडून म्हटलं, की आजही माझं डोकं फिरतं. मित्रांनो, बघायचं कुणाचं राहिलं, ते मी सांगते. मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म रबराच्या झाडाच्या चिकातून झाला. कारखान्यात तो चीक फेसून हलका केला, साच्यात ओतला आणि वाफेवर शिजवला. साच्यात ओळीने खिळे होते, म्हणून माझ्या अंगभर भोकं आहेत. त्यांतून हवा खेळते. हे उगाच नाही सांगत. पुढे माझ्यावर आळ आला तो याच बाबतीत.

मला मागवलं एका लेकीने. तिची आई शिवणकाम करायची. दिवसभर मशीनवर वाकून कंबर धरायची, आणि जुन्या कापसाच्या गादीला मधोमध खड्डा पडलेला. धड झोप नाही, सकाळी उठवत नाही. "असंच चाललं तर मशीन काढून टाकावं लागेल," असं ती एकदा बोलून गेली आणि लेक हादरलीच. लेक नोकरीसाठी दूरच्या गावी. आईला दुकानात नेऊन गादीवर झोपवून बघणं तिला शक्य नव्हतं. तिने फोनवर विचारलं, "आई, तू कुशीवर झोपतेस की पाठीवर?"

"आधी झोप लागू दे, मग सांगते!"

तरी लेकीने पिच्छा सोडला नाही. आईचं वजन, सवयी, नेमकं कुठे दुखतं, सगळं खोदून खोदून विचारलं. वापरणाऱ्यांचे बरेवाईट अनुभव वाचले. मग फार मऊ नाही, फार कडक नाही, म्हणून मला निवडलं. ठरलेल्या मुदतीत पसंत पडली नाही तर परत, अशी बोली होती.

त्या बोलीनेच माझा घात केला. घरी बाहेरचं वेष्टण फाडलं, मला उलगडलं, आणि बाबा म्हणाले, "आतलं प्लास्टिक काढू नका हं! परत द्यायची वेळ आली तर कोरी दिसायला हवी."

झालं! त्या जाड पिशवीवरच चादर अंथरली. आईने कूस बदलली की चरचर आवाज. घामाने पाठ ओली, चादर घसरून खाली. आत माझा जीव गुदमरत होता. एकदा आत्या आली. तिने उभ्याउभ्याच मला मुठीने दाबलं आणि निकाल दिला, "दगड आहे गं वहिनी! आणि गरम किती, नुसती भट्टी!"

भट्टी? मी? मला तोंड असतं तर आत्याला तिथल्या तिथे चांगलं सुनावलं असतं.

शेवटी बाबांनी लेकीला फोन केला. "न बघता गादी घेतं का गं कुणी? आईची कंबर आणखीनच धरली. उद्या गाडी येतेय परत न्यायला."

 पलीकडून रडवेला आवाज आला, "चुकलंच माझं, बाबा."

मित्रांनो, असा संताप झाला माझा! तिचं काहीएक चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "पोरीने इतकं विचारून विचारून घेतली," ती म्हणाली. "मी शिवलेला कपडा पिशवीतून न काढताच कुणी म्हणालं, घट्ट होतो, तर मी ऐकून घेईन का?" आणि तिने कात्री उचलली.

"अगं, काय करतेस! आता परत घेणार नाहीत!" बाबा ओरडले.

"नाही घेतली तर नाही घेतली. निदान एकदा नीट अंग टाकून तर बघते."

टर्रकन प्लास्टिक फाटलं. हुश्श! आई चादर अंथरून आडवी झाली. तिचे खांदे हवे तेवढेच रुतू दिले, कंबर आणि बाकी अंग मी पेलून धरलं. होतं नव्हतं ते बळ लावलं. दाखवूनच द्यायचं होतं मला! थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला.

म्हणून सांगते मित्रांनो, दुकानात जाऊन बघता आलं तर जरूर बघा. नाही जमलं तर नीट चौकशी करून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण घरी आणलेल्या वस्तूला पिशवीत कोंडून तिला नावं ठेवू नका, आणि आमची परीक्षा मुठीने घेऊ नका. इतकी वर्षं झाली, आईचं मशीन अजून चालू आहे. यापेक्षा वेगळा पुरावा मी देणार नाही.

तर त्या दुपारी बेल वाजली. बाबांनी लगबगीने दार उघडलं. "गादी न्यायला आलोय," गाडीवाला म्हणाला.

"हळू बोला हो. नाही द्यायची," बाबा कुजबुजले. दार ओढून घेऊन ते बाहेर पायरीवरच बसले आणि त्यांनी फोन लावला.

"पोरी, ऐक ना... आई झोपलीय."