पॉलिशचा वास

थोरलीने कपाटाच्या दाराला पॉलिशचा शेवटचा हात द्यायला घेतला, तोच मागून आई म्हणाली,

"नाकाला फडकं तरी बांध गं. तेव्हाही बांधलं नाहीस."

तेव्हा म्हणजे बिट्टी पोटात होती तेव्हा. या 'तेव्हा'वर घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्र संशोधन केलं होतं. सासूच्या मते बिट्टीची स्वमग्नता फोनमुळे आली, शेजारणीच्या मते उशिरा केलेल्या लग्नामुळे, आणि आईच्या मते पॉलिशच्या वासामुळे. थोरलीला आता या सगळ्याचा वीट आला होता. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की स्वमग्नतेत जनुकांचा वाटा मोठा असतो, आईबापाचं वय, फार आधी झालेला जन्म अशा गोष्टींचाही थोडाफार असतो, पण एका मुलीपुरतं 'हेच कारण' म्हणून बोट ठेवता येत नाही. पॉलिशबद्दल तर तसा काही पुरावाच नाही. थोरलीने हे घरी शंभरदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी!

बिट्टी अंगणात सँडपेपरचे तुकडे रचत बसली होती. एकेक तुकडा गालाला लावायचा, मग खरखरीतकडून मऊकडे ओळीत ठेवायचा. तिचं कधी चुकायचं नाही. मात्र शेजारी ड्रिल सुरू झालं की ती कान दाबून किंचाळायची, आणि मग लोक कारणं शोधायला लागायचे.

एवढ्यात धाकटी आली. तिला पाचवा महिना होता. ती रुमाल नाकाला लावून उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आत ये की. वास चावत नाही," थोरली म्हणाली.

"इथेच बरी आहे. ताई, एक विचारू? तू बिट्टीच्या वेळी नेमकं काय काय केलं होतंस?"

"कशाला?"

"म्हणजे मी ते करणार नाही."

थोरलीचा हात थांबला. पॉलिशचा हात मध्येच थांबवायचा नसतो, हे ती वडिलांकडून लहानपणीच शिकली होती. पॉलिशमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा दाराला चिकटला आणि उचलला तसा चांगला तळहाताएवढा डाग राहिला. आता सगळं घासून पुन्हा करायचं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"श्वास घेतला होता मी. तू घेऊ नकोस!"

धाकटी उंबऱ्यावरच बसली आणि रुमालात तोंड खुपसून रडायला लागली.

"रक्तातच असेल तर मी कुठे पळू, ताई? बाळ हललं की लोकांना आनंद होतो. मला धस्स होतं. परवा ह्यांनी पोटावर हात ठेवला, तर मी झटकला."

"अगं, मावसभावंडांत शक्यता किंचित जास्त असते, एवढंच. बहुतेक मुलांना काही नसतं. डॉक्टरीणबाईंनीच..."

"बहुतेक म्हणजे सगळ्यांना नाही ना?"

थोरलीने बोळा डब्यात टाकला. खरं होतं ते सांगून झालं होतं आणि त्याने काडीचाही फरक पडला नव्हता. ती बहिणीशेजारी येऊन बसली. बिट्टीकडे बघायचं तिने टाळलं.

"रक्तात काही नाही गं आपल्या. माझंच चुकलं. सातव्या महिन्यापर्यंत खिडकी लावून पॉलिश मारत होते. धूळ बसू नये म्हणून."

"पण तूच तर सगळ्यांशी भांडायचीस."

"भांडायचेच. स्वतःची चूक कोण कबूल करतं?"

धाकटीने डोळे पुसले. तिने बहिणीकडे पाहिलं. तिला थोरलीची कीव येत होती, ते चेहऱ्यावर उघड दिसत होतं. मग तिचा हात सावकाश पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

आता आई विजयाने काहीतरी बोलणार म्हणून थोरली मान खाली घालून वाट बघत होती. एवढ्या वर्षांनी आईला हक्काचा दिवस मिळाला होता. पण आईचा चेहरा उतरला होता.

"नाही गं," आई चाचरत म्हणाली, "खिडकी उघडी असायची. मीच रोज सकाळी येऊन उघडायचे. तू कशाला उगाच..."

"बंद होती, आई," धाकटीच्या पोटावरच्या हाताकडे बघत थोरली म्हणाली.