संदर्भ नसलेली विहीर

धम्मरत्न चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. तिथं मापात न बसणारे पार्ट बाजूला काढायचे, आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसून इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशातही तेच. ज्या कोशात कुणीही येऊन लिहू शकतं, त्याची कुणीतरी राखण करायलाच हवी, असं त्याचं ठाम मत. नऊ वर्षांत त्यानं क्लासच्या जाहिराती खोडल्या, पुढाऱ्यांच्या आरत्या खोडल्या. तिथं त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि ते त्याला आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी 'पुनावळे' या पानावर कुणा नवख्यानं गावातल्या शेतांची आणि विहिरींची जुनी नावं लिहिली. आधार कशाचाच नव्हता. ना पुस्तक, ना बातमी. धम्मरत्ननं नावं नीट न वाचताच मजकूर काढला. तो परत आला, त्यानं परत काढला आणि निरोप ठेवला, 'ही जागा गावगप्पांसाठी नाही. आधी संदर्भ आणा.' तो सदस्य पुन्हा फिरकला नाही. धम्मरत्नही विसरून गेला.

यंदा त्याची आई कस्तुराबाई म्हणाली, "गुडघे चालतायत तोवर एकदा माहेर दाखव, बाबा." काळेवाडीहून पुनावळं असं किती लांब? पण तिथं तिचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून वीस वर्षांत जाणं झालं नव्हतं. रिक्षातून उतरल्यावर ती टॉवरांकडं बघतच राहिली. वडिलांची, भिवाची, विहीर कुठं होती तेच तिला उमगेना. शेवटी म्हणाली, "शालनवहिनींना ठाऊक असेल. त्यांना सारं शिवार पाठ."

शालनबाई जुन्या शेतकरी घरातल्या. आता तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. त्यांनी कस्तुराबाईला ओळखलं, हात धरून जवळ बसवलं. विहिरीचं विचारताच मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"वहीत व्हतं गं समदं. दोनशे नावं लिवली व्हती मी. आमच्या नातीनं, तेजस्विनीनं, त्यातली आठ-धा कॉम्प्युटरवर टाकली. कुणीतरी पुसली. पुन्हा टाकली, पुन्हा पुसली. वर म्हणं, गावगप्पा हायेत. मंग घर बदलताना वही रद्दीत गेली. म्हटलं, गप्पाच त्या, कशाला ठेवायच्या?"

धम्मरत्नला आपला निरोप आठवला. त्यानं मोबाइल काढला, त्या पानाच्या जुन्या बदलांचा इतिहास उघडला. खोडलेला मजकूर तिथं शाबूत होता. त्यानं वाचून दाखवलं, "हाडकी, म्हणजे वतनाची जमीन. तिथली विहीर भिवा आणि त्याच्या दोन भावांनी खणली. अठरा हातांवर पाणी लागलं."

कस्तुराबाईनं पदर डोळ्यांना लावला. "माझ्या बाचं नाव छापलंय? दाखव, दाखव. अन् असलं कुणी पुसलं रे?"

त्यानं मोबाइल तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "मी पुसलं, आई."

शालनबाईंनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. "तुमी व्हय ते? मंग इचारायचं तरी व्हतं, 'म्हातारे, तुला कुणी सांगितलं?' आमी न्हाई म्हटलं असतं का?"

संदर्भ मागायचा नियम आजही तोच होता, आणि चुकीचा नव्हता. पण एक प्रश्न विचारायला कुठल्या नियमानं अडवलं होतं?

पुढच्या रविवारी तो कोरी वही घेऊन एकटाच आला. शालनबाईंनी राग धरला नाही. चहा ठेवला, डोळे मिटले आणि आठवू लागल्या. चिंचमळा, वाघजाळी, हाडकी... तासाभरात सतरा नावं झाली. मग वाघजाळी ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं, यावर त्या अडल्या. आधी अलीकडं म्हणाल्या, मग पलीकडं, मग नुसत्याच खिडकीबाहेरच्या टॉवरकडं बघत राहिल्या.

"दुसरं कुणी सांगेल का, आजी?"

"कोंडाजी सांगायचा. गेला तो औंदा."

धम्मरत्ननं वाघजाळीपुढची जागा मोकळी सोडली.